औषधाच्या चुकीने रुग्णाला इजा झाली तर: केसपेपरपासून ग्राहक आयोगापर्यंत

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या सगळ्या प्रकारांत औषधाची चूक सिद्ध करायला त्यातल्या त्यात सोपी. ऑपरेशन थिएटरच्या आत काय घडलं हे नातेवाइकाला कळायला मार्ग नसतो. औषध मात्र तीन-चार हातांतून जातं, आणि प्रत्येक हात कुठेतरी काहीतरी लिहून ठेवतो. डॉक्टर ऑर्डर लिहितात, सिस्टर तक्त्यावर वेळ टाकून सही करतात, मेडिकलवाला बिल फाडतो आणि शेवटी रिकामी स्ट्रिप किंवा व्हायल मागे उरते. या कागदांचा आपसात मेळ बसत नाही, तिथे चूक सापडते. म्हणून औषधाच्या चुकीची केस भाषणावर नाही, कागदावर उभी राहते, आणि ते कागद गोळा करण्याचं बरंचसं काम वकिलाकडे जाण्याआधीच घरच्यांना करावं लागतं.

पुढची माहिती महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. ग्राहक संरक्षण, औषधं आणि फौजदारी कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही मार्ग तोच. वैद्यक परिषद आणि अन्न व औषध प्रशासन तेवढं तिथलं.

आधी ठरवा: चूक की दुष्परिणाम?

औषधाने त्रास झाला म्हणजे कुणाची तरी चूक झालीच, असं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेल्या अँटिबायोटिकची जोरदार ॲलर्जी आली, तर ती सहसा कुणाची चूक नसते. पण ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं असताना त्याच गटातलं इंजेक्शन दिलं, तर ती चूक. अंगावर पुरळ उठल्यावर कुटुंबाने दोनदा सांगूनही तेच औषध चालू ठेवलं, तर तीही चूक. औषध तेच, रिॲक्शनही तीच. फरक एवढाच की माहिती समोर असताना ती कुणी पाहिली नाही.

नेहमी आढळणाऱ्या चुका थोड्याच आहेत. नावात साम्य असलेलं दुसरंच औषध दिलं जातं. डोस चुकतो, विशेषतः लहान मुलांचा: तापाच्या औषधाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तर नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. चिठ्ठीवर नुसतं ‘५ मिली’ लिहिलं आणि दुकानातून ड्रॉप्स दिले, की बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम जातं. इन्सुलिनचं असंच. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिटवालं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटवालं. लाल टोपणाची सिरिंज ४०साठी, नारिंगी टोपणाची १००साठी. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर डोस अडीचपट होतो आणि साखर धाडकन खाली येते. याशिवाय शिरेतून द्यायचं की स्नायूत यातली गफलत, किडनीचे रिपोर्ट न बघता चालू ठेवलेला डोस, आणि डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी उतरवताना झालेली चूक.

कायद्याच्या भाषेत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने सामान्य कौशल्याच्या डॉक्टरइतकी किंवा फार्मासिस्टइतकी पाळली नाही, आणि त्याच कारणाने इजा झाली. बहुतेक केसेस तिसऱ्या गोष्टीवर अडतात. चुकीची गोळी दिली पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि काही बिघडलं नाही, तर चूक खरी असली तरी भरपाई नाममात्र. अशा वेळी दुकानाविरुद्ध प्रशासनाकडे तक्रार करणं जास्त उपयोगाचं.

पहिले दोन-तीन दिवस

संशय आला की पहिलं काम रुग्णाचं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कोणतं औषध, किती, कधी दिलं गेलं, आणि त्यावर उतारा आहे का. रक्तातली औषधाची पातळी मोजता येण्यासारखी असेल (फेनिटॉइन, डिगॉक्सिन, मेथोट्रेक्सेट यांची येते) तर ती तपासणी त्याच दिवशी करून घ्या. उपचारासाठी ती हवीच, आणि पुढे पुरावा म्हणूनही तिला तोड नाही. चार दिवसांनी केली तर बहुतेकदा हाती काही लागत नाही.

स्ट्रिप, बाटली, व्हायल, सलाईनची रिकामी बाटली, सिरिंजचं वेष्टन, यातलं काही टाकू नका. स्ट्रिपचा बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला तुकडा शाबूत ठेवा. लोक नेमका तोच कोपरा फाडून फेकतात. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा आणि फोटो काढा. इन्सुलिनसारखं औषध फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर ‘घरी खराब झालं’ असा बचाव ठरलेला. फोटो, मेसेज, व्हॉट्सॲपवर आलेली चिठ्ठी हे मूळ फोनमध्ये राहू द्या. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ उपकरण लागतं.

त्याच दिवशी एक वही करा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, रुग्णाची अवस्था. ‘दुपारी साधारण’ असं नको, ‘२.४० वाजता सिस्टरनी सलाईनमध्ये इंजेक्शन सोडलं, २.५० ला थरथर सुरू’ असं. दोन वर्षांनी शपथपत्र लिहायला बसाल तेव्हा हीच वही कामाला येते.

रुग्णालयाला एक साधं पत्र लगेच द्या: अमुक दिवशीचं सीसीटीव्ही चित्रण, रक्ताचे उरलेले नमुने आणि वापरलेल्या औषधांचे अवशेष जपून ठेवावेत. चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

रुग्ण दगावला असेल तर शवविच्छेदनाचा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो, आणि तो कुणालाही जड जातो. पण अंत्यसंस्कारानंतर मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं. पोलिस ठाण्यात लेखी कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन मागा, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) राखून ठेवायला सांगा, आणि संशय कोणत्या औषधाचा आहे ते अर्जात लिहा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाला काय शोधायचं ते कळेल. दोन औषधांचा अपवाद माहीत असू द्या. पोटॅशियमची पातळी मृत्यूनंतर आपोआप वाढते आणि इन्सुलिन शरीरात लवकर मोडतं. या दोहोंत शवविच्छेदनापेक्षा औषध तक्ता आणि मृत्यूआधीचे रिपोर्ट जास्त बोलतात.

आणि वॉर्डात आवाज चढवू नका. महाराष्ट्रात वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध २०१०चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि नुकसान केलं तर त्याच्या दुप्पट भरपाई. एका धक्काबुक्कीने तक्रारदाराचा आरोपी होतो आणि मूळ चूक बाजूला पडते. फेसबुकवर डॉक्टरांचं नाव घेऊन लिहिण्याचंही तसंच.

केसपेपर मागायचे कसे

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हेत. कार्ड हा सारांश. चूक त्यात कधीच लिहिलेली नसते. मागायचं ते ‘संपूर्ण इनडोअर रेकॉर्ड’, आणि अर्जात एकेक कागदाचं नाव घेऊन. मजकूर साधारण असा:

‘माझे वडील (नाव, आयपीडी क्रमांक) आपल्या रुग्णालयात दि. … ते दि. … या काळात दाखल होते. त्यांच्या उपचारांच्या संपूर्ण नोंदींची पृष्ठक्रमांकित व साक्षांकित प्रत मिळावी: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या ऑर्डर शीट, औषध देण्याचा तक्ता, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), आयसीयू चार्ट, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्रे, सर्व तपासणी अहवाल, रुग्णालयातील औषध विभागाकडे पाठवलेली मागणीपत्रे आणि तपशीलवार बिल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांतील कलम १.३.२ नुसार ७२ तासांत प्रती द्याव्यात.’

हे विनियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये आलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले. रुग्ण किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस, दोघेही मागू शकतात. रुग्ण बेशुद्ध किंवा मयत असेल तर नात्याचा पुरावा जोडा. ‘हे गोपनीय आहे’, ‘कोर्टाचा आदेश आणा’, ‘आधी बिल भरा’ ही उत्तरं सर्रास मिळतात. गोपनीयतेचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच निकालात काढला आहे: रुग्णाच्या नोंदी रुग्णापासून लपवता येत नाहीत. ७२ तासांत प्रती न देणं हे विनियमांनुसार डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं आणि त्याची वेगळी तक्रार करता येते. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून हा अर्ज लांबवू नका.

प्रती आल्या की पानं मोजा. ‘पृष्ठक्रमांकित’ हा शब्द अर्जात उगाच घातलेला नाही. नंतर एखादं पान वाढलं किंवा गळलं तर दिसावं म्हणून तो. एकाच पानावर दोन शाया, ओळींमध्ये कोंबलेलं वाक्य, सलग आठ तासांच्या सह्या एकाच हाताने आणि एकाच दमात केलेल्या, अशा जागांवर पेन्सिलने खूण करा.

ऑर्डर, तक्ता, बिल: तिन्ही शेजारी ठेवा

मोठ्या टेबलावर डावीकडे डॉक्टरांची ऑर्डर, मध्ये औषध तक्ता, उजवीकडे औषधांचं बिल. एकेक औषध घेऊन तिन्हीकडे नाव, ताकद, वेळा, दिवस मिळतात का पाहा.

नमुना म्हणून मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ओपीडीच्या चिठ्ठीवर सरांनी लिहिलं, ‘७.५ मिग्रॅ, दर सोमवारी’. पुढे दुसऱ्याच कारणाने रुग्ण दाखल झाला, आणि डिस्चार्ज कार्ड टाइप करताना बाकीच्या गोळ्यांच्या ओळीत हीसुद्धा ‘१-०-०’ (रोज सकाळी एक) अशी उतरली, मुदत ३० दिवस. मेडिकलच्या बिलावर आकडा आहे ३० गोळ्या. महिन्याला लागतात चार, फार तर पाच. म्हणजे कार्डावरची चूक तर दिसलीच, पण हे औषध रोज घेत नाहीत हे ज्याला माहीत असायला हवं त्या फार्मासिस्टनेही तीन स्ट्रिपा मोजून दिल्या, हेही त्याच एका आकड्यावरून कळतं. दहा-बारा दिवसांत तोंडात फोड, ताप, आणि सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी खाली. आता रिपोर्टच्या तारखा त्याच रांगेत मांडा: औषध सुरू होण्याआधीचा सीबीसी, नंतरचा, आणि औषध बंद केल्यावर आकडे वर आलेला. वर म्हटलेली तिसरी गोष्ट, इजेचं कारण, या तीन रिपोर्टांनी निम्मी सिद्ध होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ मधल्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या निकालातही कागदांची अशीच विसंगती होती. टायफॉइडच्या लहान रुग्णासाठी डॉक्टरांनी लिहिलं होतं क्लोरोमायसेटिन. सिस्टरने वडिलांकडून आणवलं लॅरिएगो, म्हणजे मलेरियावरचं क्लोरोक्विन, आणि ते शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना मनस्तापाचे वेगळे पाच लाख मंजूर झाले. आईवडीलही ‘ग्राहक’ आहेत हे त्या निकालाने ठरलं, म्हणून तक्रारीत त्यांचीही नावं घालावीत.

दाद कुठे मागायची

पैशाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ किंवा कायमची काढू शकते, पण एक रुपयाही मिळवून देऊ शकत नाही. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात अपिलाचा हक्क डॉक्टरांसाठी लिहिलेला आहे, रुग्णासाठी नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. डॉक्टर नेमके कोणत्या शाखेचे नोंदणीकृत आहेत हेही परिषदेकडून तपासून घ्या. होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात म्हटलं होतं. महाराष्ट्रात त्यानंतर होमिओपॅथांसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आला, त्यामुळे तो केला आहे का ते विचारावं लागतं.

चूक दुकानाची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. फार्मासिस्ट हजर नसताना चिठ्ठीवरचं औषध देणं नियमबाह्य आहे. चिठ्ठीतल्या शेड्यूल एच किंवा एच-१ (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाऐवजी दुकानदाराने परस्पर दुसरं देणंही बसत नाही, ‘कंटेंट तोच आहे’ म्हटलं तरी. एच-१ औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. निरीक्षकाला ते पाहायला सांगा. औषधच बनावट वाटत असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली ग्राहक स्वतः फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. प्रशासनाचा अहवाल आयोगात चांगला वजनदार ठरतो, म्हणून ही तक्रार आधी टाकावी.

एक दार फारसं कुणी ठोठावत नाही: स्थायी लोक अदालत. रुग्णालयाची सेवा ही ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ धरली जाते आणि एक कोटीपर्यंतचा वाद तिथे नेता येतो. फी नाही. आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर अदालत स्वतः निर्णय देते. पण त्यावर अपील नाही. म्हणून चूक कागदावर धडधडीत दिसत असेल आणि रक्कम मध्यम असेल तरच हा रस्ता धरावा.

ग्राहक आयोगात तक्रार

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात बसते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे. २०१९च्या नव्या कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द नाही म्हणून काहींनी पुन्हा वाद घातला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला.

मुदत दोन वर्षं. नेमकी कुठून मोजायची यावर मोठे वाद होतात, म्हणून घटनेच्या तारखेपासूनच मोजा. गोव्यातल्या एका सरकारी परिचारिकेच्या पोटात १९९३च्या शस्त्रक्रियेतला गॉझ राहिला होता. तो २००२ मध्ये काढल्यावर तिने तक्रार केली. ती स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली, इतकी वर्षं दुखत असूनही पुन्हा त्या सर्जनकडे गेली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज देता येतो, पण त्यावर विसंबू नये.

कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. म्हणजे बिल ३ लाख ८० हजार आणि मागणी ९० लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच. फीसुद्धा दिलेल्या पैशांवर: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. ऑपरेशन मुंबईत झालं आणि घर लातूरला, तर लातूरला दाखल करा. तारखांना मुंबई गाठावी लागत नाही.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते; १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. वकील सक्तीचा नाही. आधी नोटीस पाठवणंही सक्तीचं नाही, पण पाठवावी, कारण उत्तरात रुग्णालय स्वतःची बाजू घाईने लिहून मोकळं होतं आणि नंतर ती बदलता येत नाही.

लिहिताना इतिहास सांगत बसू नका. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार द्या: ‘दि. १२ रोजी रात्री १० वाजता तक्त्यावर अमुक औषध दिल्याची सही आहे (पान ४७). या औषधाची ऑर्डर पान १ ते ६० मध्ये कुठेही नाही.’ अशी चार वाक्यं चार पानांच्या संतापापेक्षा भारी पडतात. सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून रुग्णालय घालाच. सिस्टरचं नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. पगारी कर्मचाऱ्याच्या चुकीला रुग्णालय जबाबदार असतं, आणि प्रत्येक डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, असं २००४चा सविता गर्ग निकाल सांगतो. चिठ्ठीही चुकली आणि दुकानही चुकलं असेल तर दोघांनाही घ्या. एकालाच घेतलं तर तो न आलेल्याकडे बोट दाखवून सुटतो.

मागणीचे भाग वेगवेगळे लिहा: झालेला खर्च (बिलांसह), पुढचा उपचार (डॉक्टरांच्या अंदाजपत्रकासह), बुडालेलं उत्पन्न (पगारपत्रक किंवा आयकर विवरण), सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, अपंगत्व (प्रमाणपत्रासह), मनस्ताप, तक्रारीचा खर्च आणि व्याज. गृहिणीच्या कामालाही मोल आहे. तो रकाना रिकामा सोडू नका. अनुराधा साहा प्रकरणात डेपो-मेड्रॉल हे दीर्घकाळ अंगात राहणारं स्टेरॉइड दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम दिलं गेलं होतं. १९९८ मध्ये त्यांचा मुंबईत मृत्यू झाला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटींची भरपाई ठरवली. ती रक्कम उत्पन्नाच्या पुराव्यावर उभी होती, आणि मध्ये पंधरा वर्षं गेली होती. दोन्ही लक्षात असू द्या.

दाखल करून घ्यायचं की नाही हे आयोगाने सहसा २१ दिवसांत ठरवायचं असतं. नोटीस मिळाल्यावर लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे, म्हणून ४५ दिवसांची तारीख वहीत लिहून ठेवा आणि जबाब नंतर आला तर लगेच लेखी हरकत घ्या. मग शपथपत्रं, लेखी प्रश्नावलीतून उलटतपासणी, युक्तिवाद. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो; प्रत्यक्षात काही वर्षं धरून चला. निकालाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील, आणि भरपाई द्यायची असलेल्याला अपिलाआधी अर्धी रक्कम भरावी लागते.

तज्ज्ञाचं मत लागतं का?

२०१० च्या व्ही. किशन राव निकालानुसार प्रत्येक केसमध्ये लागत नाही. ॲलर्जी लिहिलेली असताना तेच औषध, किंवा आठवड्याचं औषध रोज, हे आयोगाला सरळ वाचून कळतं. पण डोस जास्त होता की रुग्णाच्या अवस्थेत तेवढा चालला असता, असा प्रश्न आला की मत हवंच. ते स्वतः मिळवावं. आयोगाने जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवलं तर महिने जातात, आणि ‘उपचार योग्य दिसतात’ असं दोन ओळींचं उत्तर येण्याची भीती असते. आपल्या गावातला डॉक्टर सहसा लिहून देत नाही. दुसऱ्या शहरातला निवृत्त प्राध्यापक शोधा. औषधशास्त्राचा किंवा क्लिनिकल फार्मसीचा माणूस या कामी सर्जनपेक्षा उपयोगी. त्याला ‘चूक झाली का’ असं विचारू नका. विचारा: या वजनाच्या, या क्रिएटिनिनच्या रुग्णाला कमाल डोस किती? दिला गेला किती? त्याने हे लक्षण येतं का?

सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. केसपेपरचे दहा-वीस रुपये भरले म्हणून ग्राहक होता येत नाही. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील तर मात्र तिथला मोफत रुग्णही ग्राहक. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) विमाधारक ग्राहक धरला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली खाजगी रुग्णालयात उपचार झाले असतील तर पैसे रुग्णालयाला योजनेतून मिळाले आहेत, हा मुद्दा तक्रारीत ठळक मांडा.

बाकीच्यांसाठी दिवाणी दावा. शासनाविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, तेवढे दिवस मुदतीतून आधीच वजा धरा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातल्या चुकीसाठी राज्य शासन जबाबदार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवलेलं आहे, त्यामुळे ‘सरकारवर दावा चालत नाही’ हे ऐकून परत फिरू नका. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं.

पोलिसात जावं का?

मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर जाता येतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेत मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं. नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने उंबरठा उंच केला आहे: साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. ते मत विरुद्ध गेलं तर तोच कागद रुग्णालय ग्राहक आयोगात नाचवतं. म्हणून मृत्यूच्या वेळी पंचनामा आणि शवविच्छेदनासाठी पोलिसांकडे जरूर जा. गुन्हा नोंदवण्याचा आग्रह केसपेपर वाचून झाल्यावर धरा.

वकील, खर्च आणि तडजोड

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० ला फोन लावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. खाजगी वकील ‘जिंकल्यावर इतके टक्के’ असा सौदा करत असेल तर तो बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. टप्प्याटप्प्याने फी ठरवा आणि पावती घ्या.

नोटीस गेली की बरेचदा रुग्णालयातून फोन येतो: बिल माफ करतो, वर थोडी रक्कम देतो. बोलायला हरकत नाही, सही मात्र तिथल्या तिथे करू नका. ‘पूर्ण व अंतिम, कोणतीही तक्रार नाही’ अशा पावतीवर सही झाली की दार बंद. तडजोड करायचीच तर पुढच्या उपचाराचा खर्च धरून करा आणि आयोगापुढे लेखी अटी दाखल करून तिचा आदेश करून घ्या. आदेश असला म्हणजे पैसे थकल्यावर ग्राहक कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली करता येते आणि कलम ७२ खाली कैदेची तरतूद आहे. हातात नुसतं साध्या कागदावरचं करारपत्र असेल तर पैशांसाठी पुन्हा पहिल्यापासून दावा लावावा लागतो.